थॅलेसेमिया मेजर: रक्त चढवत राहायचं, बोनमॅरो करायचं की जीन थेरपीसाठी थांबायचं?

मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन न बनण्याचा आनुवंशिक आजार, निघाला की सोलापुरातल्या घरात हल्ली एक प्रश्न हमखास येतो: "जीन थेरपी आलीय म्हणे, तोवर थांबलं तर?" माझं मत आधीच सांगते. नुसतं थांबू नका.

रक्त चढवणं बहुतेकांचं सुरूच असतं, दर दोन ते चार आठवड्यांनी. सरकारी रक्तपेढीत या मुलांना रक्त मोफत आहे. तरी मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं कमी. तेव्हा ओळखीचे चार रक्तदाते हाताशी असू द्या. पण खरी अडचण वेगळीच आहे. प्रत्येक पिशवीतून अंगात 200 ते 250 मिलिग्रॅम लोह जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. ते यकृतात, हृदयात, ग्रंथींत साचतं. म्हणून लोह बाहेर काढणारी डेफेरासिरॉक्सची गोळी रोज. विरघळणारी गोळी असेल तर ती उपाशीपोटी पाण्यात किंवा संत्र्याच्या रसात ढवळायची आणि तळाशी राहिलेला गाळ पुन्हा थोडं पाणी घालून प्यायला द्यायचा. चव मुलांना आवडत नाही, गाळ ग्लासात राहतो, आणि सहा महिन्यांनी फेरिटिन (साठलेलं लोह दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं दिसलं की आई-बाबा चक्रावतात. गोळीसोबत क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाची, तपासणीही चुकवू नये.

बोनमॅरो प्रत्यारोपणाने, म्हणजे दात्याच्या रक्त बनवणाऱ्या पेशी मुलाला देऊन, आजार कायमचा बरा होऊ शकतो. सख्ख्या भावंडाचं एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) पूर्ण जुळलं, मूल लहान असलं आणि यकृत चांगलं राहिलेलं असलं, तर दहापैकी साधारण नऊ मुलं यातून नीट बाहेर पडतात. खर्च ढोबळमानाने दहा-पंधरा लाख. कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून ठरावीक रुग्णालयांत दहा लाखांपर्यंत मदत मिळते, उत्पन्नाची अट आहे. उपचार पुण्या-मुंबईला किंवा वेल्लोरला, म्हणजे काही महिने तिथेच खोली घेऊन राहायची तयारी हवी. धोकेही खरे आहेत: जंतुसंसर्ग, दात्याच्या पेशींनी मुलाच्या शरीरावर उलटणं, आधी द्याव्या लागणाऱ्या केमोमुळे पुढे मूल होण्यात अडचण.

इथे नातेवाईक सांगतात, "दुसरं होऊ द्या, त्याचं जुळेल." हिशेब करून बघा. भावंडाचं एचएलए जुळण्याची शक्यता चारात एक. त्याला स्वतःला मेजर नसण्याची चारात तीन. दोन्ही एकदम जमण्याची सोळात तीन. या भरवशावर मूल होऊ द्यावं असं मला वाटत नाही.

आता जीन थेरपी. मुलाच्याच मूळ पेशी काढून प्रयोगशाळेत दुरुस्त करतात आणि परत देतात. झिन्टेग्लो नावाच्या थेरपीत निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून हिमोग्लोबिन बनवणारं चालू जनुक पेशीत सोडतात. अमेरिकेत त्याला 2022 मध्ये मान्यता मिळाली. कॅसजेव्ही या दुसऱ्या थेरपीची पद्धत निराळी. गर्भात असताना आपल्याकडे वेगळं हिमोग्लोबिन असतं, ते जन्मानंतर बंद पडतं. क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने ते बंद करणारी कळच निकामी करतात. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 35 पैकी 32 जणांचं रक्त चढवणं थांबलं. दाता लागत नाही, पेशी उलटण्याची भीती नाही. पण केमो इथेही टळत नाही, हे जीन थेरपीचे व्हिडिओ टाकणारे सांगत नाहीत. कॅसजेव्ही बारा वर्षांपुढच्यांसाठी आहे आणि अमेरिकेतली तिची किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटींच्या वर. आपल्याकडे वेल्लोरच्या सीएमसीत जीन थेरपी झाली ती हिमोफिलिया ए या रक्त न गोठण्याच्या आजारासाठी, पाच रुग्णांवर, चाचणी म्हणून.

तेव्हा सख्खं भावंड असेल तर त्याचं एचएलए याच महिन्यात तपासा. जुळलं आणि मूल लहान असेल तर मी प्रत्यारोपणाकडे झुकेन. नाही जुळलं तर रक्त आणि गोळी काटेकोर ठेवा. यकृत-हृदय लोहाने खराब झालेल्या मुलाला उद्या जीन थेरपी स्वस्त झाली तरी ती झेपणं अवघड.

आणखी एक, जे ऐकून अनेकांना धक्का बसतो. प्रत्यारोपण काय किंवा जीन थेरपी काय, बदलतं ते रक्त. बीजातलं जनुक तसंच राहतं आणि मुलांकडे जातं. आपल्या भागात मामाच्या मुलीशी, कधी मामाशीच लग्न होतं, तिथे दोघेही वाहक (स्वतःला आजार नाही, पण सदोष जनुक आहे असे) निघण्याची शक्यता जास्त. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मेजरची शक्यता पंचवीस टक्के. पत्रिका बघायच्या आधी दोघांची एचबी ए2 (वाहक आहे का ते दाखवणारी रक्ताची) तपासणी करून घ्या, आणि वाहक जोडप्यात दिवस राहिले तर दहाव्या-बाराव्या आठवड्यातच डॉक्टरांना गर्भाच्या तपासणीबद्दल विचारा.