शंभर मण्यांची गणितमाळ : सात महिने वर्गात वापरल्यानंतर

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग माझ्याकडे आहे. जूनमध्ये दुसरीची बरीच मुलं शंभरपर्यंत घडाघडा म्हणायची, पण ‘एकोणतीस लिहा’ म्हटलं की पाटीवर ३९ यायचं. कानाला तीस ऐकू येतं, म्हणून हात आधी तीन लिहितो. यासाठीच माळ केली. दहा लाल, दहा पांढरे असे एकाआड एक शंभर मणी, नायलॉनची दोरी, खूण करायला कपड्यांचे चिमटे.

सुरुवातीला मी प्रत्येक मण्यावर अंकाची चिठ्ठी चिकटवली होती. ती चूक होती. मुलं मणी बघतच नव्हती, नुसता अंक वाचत होती. आठवड्याने चिठ्ठ्या काढल्या आणि मग खरं मोजणं सुरू झालं.

आता आठवडा ठरलेला आहे. सोमवारी एक जण कुठल्याही मण्याला चिमटा लावतो, बाकीचे संख्या सांगतात आणि कशी ओळखली तेही सांगतात. हे दुसरं फार महत्त्वाचं. जुलैत सगळे एकपासून मोजायचे. आता ‘चार रंग संपले, पुढचे सहा’ असं उत्तर येतं. बुधवारी उड्या : २८ मध्ये ७ मिळवताना आधी दोन घेऊन तीस, मग पाच. हातच्याचा गोंधळ यानेच कमी झाला. शनिवारी ‘माझा मणी ओळखा’. पन्नासच्या पुढे की मागे, असे प्रश्न विचारत शोधायचं. पहिलीची मुलंही यात हिरिरीने उतरतात.

२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा वाद झाला होता! माळ वापरल्यापासून मला दोन्ही नावं हवीशी वाटतात. वीस नऊ म्हणजे दोन रंग ओलांडून नववा मणी, एकोणतीस म्हणजे तिसाच्या एक अलीकडचा. मणी तोच, फक्त कुठल्या बाजूने आलो एवढाच फरक. हे मुलांना बोट ठेवून दाखवता येतं. पाटीवर ३९ लिहिणारी आता दोनच मुलं उरली आहेत, त्यांच्यासोबत रोज दहा मिनिटं बसते.

उणिवाही आहेत. दशक-एकक शिकवायला माळ पुरत नाही, तिथे काड्यांचे गठ्ठेच हवेत. शंभरच्या पुढे तिचा उपयोग संपतो. मागच्या बाकावरून मणी नीट दिसत नाहीत, म्हणून मोठे मणी घ्या. दोरी जाड घ्या आणि टोकाला वीतभर मोकळी सोडा, नाहीतर मणी सरकवून फट पाडता येत नाही.

माझी दोरी बारीक होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती तुटली आणि मणी वर्गभर घरंगळले. मुलांनीच ते गोळा करून पुन्हा दहा-दहाने ओवले, तर शेवटच्या रंगात एक कमी. पहिलीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, एकोणशंभर झाले!” मी म्हटलं, “अगं, त्याला नव्याण्णव म्हणतात.” तिने माळेकडे बघत विचारलं, “पण एकोणनव्वद तर म्हणतो ना?”

तो मणी पुढच्या आठवड्यात कपाटाखाली सापडला.