शिकागोचे मराठी कोश आणि ‘पुनरुज्जीवित करणे’

शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ या संकेतस्थळावर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२–३८) विनामूल्य पाहता येतात. नदीपासून लोककलेपर्यंत सर्वत्र हल्ली ‘पुनरुज्जीवित करणे’ हे एकच क्रियापद लावले जाते. त्याच्या जवळचे शब्द धुंडाळण्यासाठी मी ही सेवा वापरली आणि ती मला फार मोलाची वाटते.

अशा संयुक्त क्रियापदाचा शोध थेट न घेता ‘जीव’, ‘जीवन’, ‘जगणें’ अशा मुळांपासून सुरुवात करावी. त्यातून शब्दांचे एक कुटुंबच डोळ्यांसमोर येते आणि आपण किती छटा एकाच साच्यात कोंबतो, हे उमगते. देवळाचा जीर्णोद्धार होतो, डबघाईला आलेल्या संस्थेला ऊर्जितावस्था येते आणि खंडानंतरच्या पावसाने पिकाला जीवदान मिळते. दुष्काळात टँकरच्या पाण्यावर बाग जगवतात, तेव्हा ती मरू दिली जात नाही, एवढेच. तिला कोणी पुनरुज्जीवित करत नाही. पुनरुज्जीवनात आधी लोप किंवा मरगळ गृहीत असते, आणि ‘पुनर्’ त्या शब्दातच असल्यामुळे ‘पुन्हा पुनरुज्जीवित केले’ ही वाक्यरचना मला खटकते.

दाते-कर्वे यांचे स्पष्टीकरण मराठीतच असल्याने आणि अनेक नोंदींना जुन्या साहित्यातील अवतरणांची जोड असल्याने वापर समजण्यासाठी मी तोच कोश आधी उघडतो. मोल्सवर्थकडे बोलीतील छटांसाठी वळावे. जुनी मराठी वाचणाऱ्यांसाठी तुळपुळे-फेल्डहाउस यांचा कोशही तेथेच आहे. कंपनी किंवा प्रकल्प यांच्या संदर्भातील आजचा वापर मात्र पहिल्या दोन कोशांत शोधू नये, कारण त्यांचा काळच वेगळा आहे.

शोध घेताना एक पथ्य पाळावे. हे दोन्ही कोश १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे असल्याने क्रियापदे ‘करणें’, ‘जगणें’ अशी सानुस्वार छापलेली आहेत. म्हणून आजच्या रूपाने नोंद सापडली नाही, तर शब्द कोशात नाही असा निष्कर्ष काढण्याआधी अनुस्वार देऊन पाहावे.