श्रीलंकेचा दक्षिण किनारा, आईला घेऊन, कमी पैशात

फेब्रुवारीत मी आणि आई श्रीलंकेला जाऊन आलो, आठ दिवस, त्यातले पाच गॉलजवळ उनावटुनाला एका घरगुती गेस्ट हाऊसमध्ये. बडोद्यात ज्याला सांगावं त्याचा पहिला प्रश्न एकच, व्हेज मिळतं का, म्हणून मुख्य त्याच्याबद्दलच लिहिते. मिळतं, आणि इतकं चांगलं मिळतं की आई अजून तेच बोलत असते, पण विचारून खावं लागतं.

आधी जायचं कसं ते. इथल्या एका टूरवाल्याने दोघींचा जो आकडा सांगितला त्याच्या अर्ध्याहून कमीत आमचं सगळं झालं. नवजीवन एक्सप्रेसने चेन्नई, तिथून कोलंबोचं विमान, मग एअरपोर्टवरून १८७ नंबरची बस पकडून कोलंबो फोर्ट स्टेशन. तिथून गॉलची गाडी, सेकंड क्लास, रिझर्व्हेशनशिवाय, आणि एवढं लक्षात ठेवा की उजव्या हाताची खिडकी धरायची, समुद्र त्याच बाजूला असतो आणि काही ठिकाणी इतका जवळ येतो की आईने साडीचा पदर आत ओढून घेतला. समोर बसलेल्या काकांनी हिक्काडुवा यायच्या आधी पेरलिया दाखवलं, २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तिथेच गाडी लाटेखाली गेली होती, हजारावर माणसं गेली. नंतर बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही.

गाडीत वडेवाले येतात, शाळेच्या वहीच्या कागदात बांधून देतात. दिसायला अगदी आपला डाळवडा पण काहींवर अख्खी कोळंबी थापलेली असते, त्याला इस्सो वडे म्हणतात, तेव्हा नीट बघून घ्या.

आता गेस्ट हाऊस. पंख्याची खोली, नाश्त्यासकट दिवसाला ५,००० श्रीलंकन रुपये, म्हणजे आपले चौदाशे-पंधराशे. मालकीणबाईंना सगळे आक्का म्हणतात, सिंहलीत मोठ्या बहिणीला आक्काच म्हणतात हे कळल्यावर आईने पहिल्याच दिवशी त्यांना आक्का करून टाकलं, त्या आईपेक्षा लहान असल्या तरी. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आई त्यांच्या स्वयंपाकघरात. नारळ खवायचं त्यांचं हिरमणय म्हणून असतं, बसायला लाकडी पाट आणि पुढे दातेरी पातं, आईचं माहेर रत्नागिरीकडचं त्यामुळे तिला शिकवायला लागलंच नाही, बसली आणि दोन नारळ खवून मोकळी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि कुणाचं काही अडलंही नाही.

नाश्त्याला इंदिआप्पा, म्हणजे वाफवलेल्या तांदळाच्या शेवयांच्या चकत्या, वर किरी होदी, नारळाच्या दुधाचं पातळ पिवळं कालवण. आई म्हणाली ही तर आमची शिरवाळी, फक्त गूळ नाही. सोबत पोल सांबोल, खोवलेला ओला नारळ, लाल तिखट, छोटा कांदा, लिंबू. खरी मेख इथे आहे. पोल सांबोलमध्ये बऱ्याचदा उंबलकड घालतात, सुकवलेल्या माशाचा चुरा, तो दिसत नाही आणि वासही नारळात दबून जातो. नुसतं व्हेज म्हटलं तर काही जण मासा नॉनव्हेजमध्ये धरत नाहीत, म्हणून ‘उंबलकड एपा’ असं स्पष्ट म्हणा, एपा म्हणजे नको. आक्कांनी आमच्यासाठी रोज वेगळं वाटून ठेवलं. बाहेर मात्र एका हॉटेलात हो हो म्हणून तेच वाढलं, आई दोन घास खाऊन उठली, मला फार वाईट वाटलं. राइस अँड करी मात्र बिनधास्त मागवा, परिप्पू म्हणजे मसूरडाळ, बीट, फणस, चार-पाच भाज्या येतात.

खोलीबद्दल तक्रार आहे. फोटोत समुद्र दिसतो, प्रत्यक्षात शेजारच्या घराची भिंत, समुद्राला दहा मिनिटं चालत जावं लागतं. आणि रात्री बारापर्यंत खोली तापलेली, एसी नाही. बडोद्याच्या मे महिन्याची सवय असली तरी ही गर्मी वेगळी, अंगाला चिकटते. साडेअकराला गॉलच्या किल्ल्यावर चढलो ही आमची चूक, तटावर सावलीच नाही. चारनंतर जा, डचांच्या तटावरून दीपस्तंभापर्यंत फिरा, खाली क्रिकेटचं मैदान दिसतं, सूर्य समुद्रात बुडेपर्यंत वारा असतो. पोर्णिमेला तिथे सुट्टी असते, बरंच बंद असतं, तारखा बघून जा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आक्कांनी गाव विचारलं. मी बडोदा म्हटलं, आणि मी इंग्रजीतून सांगितलेलं त्यांच्या मुलीने त्यांना समजावून दिलं, की गुजरातमधल्या देवनीमोरीच्या स्तूपात सापडलेले बुद्धाचे अवशेष आमच्या महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीत ठेवलेत. आक्का उठल्या, हात जोडले, आत गेल्या आणि मातीच्या गाडग्यात लावलेलं म्हशीचं दही घेऊन आल्या, वरून किथुल माडाचा पातळ गूळ ओतला. दही घट्ट, चमचा उभा राहील असं, आणि गुळाला किंचित धुराचा वास. पैसे विचारले तर घेतले नाहीत. गाडगं आईने धुऊन, साडीत गुंडाळून चेन्नईमार्गे बडोद्याला आणलं, आता त्यातच विरजण लावते.