स्लॅबला भोकं पाडणाऱ्या सोलरवाल्यापासून सावध

बेळगाव-खानापूर पट्ट्यात छतावर सोलर बसवायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी हे वाचा. वीज किती तयार होईल हे प्रत्येक एजंट तोंडपाठ सांगतो. पॅनल स्लॅबवर उभे कशाच्या आधारानं राहणार, हे विचारलं की विषय बदलतो. लबाडी तिथंच होते.

पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, म्हणून आमच्या हिंडलग्यात गल्लोगल्ली ही मंडळी फिरतात. आमच्याकडं आलेला गोडबोल्या म्हणाला, "काका, केमिकल अँकर मारून वर काँक्रीटचे ब्लॉक देतो. गळती माझी जबाबदारी." केमिकल अँकर म्हणजे भोकात चिकट रसायन भरून पक्का केलेला बोल्ट. बोलणं सगळं मराठीत, कोटेशन मात्र इंग्रजीत, आणि त्यात तळाला बारीक अक्षरांत 'सिव्हिल काम ग्राहकाकडे'. मुलीनं ती ओळ दाखवली तर म्हणतो, "ते सगळ्यांनाच छापलेलं असतंय की ओ."

काम मार्चमध्ये झालं. पाऊस नाही म्हणजे गळती नाही, आणि वीज कंपनीचा, म्हणजे हेस्कॉमचा, मीटर बसला की उरलेले पैसे लगेच हवेत. मिरगाच्या आधी त्याचा हिशेब पुरा.

पाऊस लागला आणि माजघराच्या कोपऱ्यात ओल धरली. फोनवर उत्तर तयारच होतं, "ती तुमच्या जुन्या स्लॅबची गळती. आमच्या स्ट्रक्चरचे पाय तिकडं नाहीतच." पाय तिकडं नव्हते, हे खरंच. कोडं आमच्या गवंड्यानं सोडवलं. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. त्याला भोक पडलं की पाणी खाली उतरतं, कोबा आणि स्लॅबच्या मधून उतार मिळेल तिकडं सरकतं आणि स्लॅबला चीर सापडेल तिथं घरात येतं. भोक एकीकडं, ओल दुसरीकडं. या गोष्टीवर या लोकांचं सगळं नाकारणं चालतं.

गवंड्यानं एक ब्लॉक फोडला. केमिकल अँकर कुठला! साधे फास्टनर मारून वर काँक्रीट ओतलेलं, आत काय आहे ते दिसू नये म्हणून. "काका, हे कोब्यातच रुतलंय, स्लॅबला लागलंच नाही. नट पिळला तर बोल्ट सगळाच फिरूलालाय." भोकाच्या तोंडाशी फासलेलं सिलिकॉन सुटून आलेलं. गळतीचं एक वेळ सोडा, वळवाच्या वाऱ्यात हे उपटून शेजाऱ्याच्या अंगणात पडलं असतं तर? एकेक पॅनल पंचवीस किलोच्या आसपास असतं.

म्हणून सांगतो, ब्लॉक ओतण्याआधी प्रत्येक भोकाचा फोटो काढा. बोल्ट कोबा ओलांडून स्लॅबमध्ये गेला पाहिजे आणि भोवती वॉटरप्रूफिंग झालं पाहिजे. भोकच नको असेल तर नुसत्या वजनाच्या ब्लॉकवरही स्ट्रक्चर उभं राहतं, पण ते वजन स्लॅबला पेलेल का हे इंजिनियरला विचारून. पत्र्याचं घर असेल तर स्क्रू नालीत नको, उंचवट्यावर, रबरी वॉशर घालून आणि खालच्या पट्टीत घट्ट. खानापूरकडच्या कौलारू घरांत आधार वाशाला घ्यायचा, कौलाला नव्हे.

आणि पावसाची वाट बघू नका. काम सुरू होण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा, गच्चीचे पाइप बुजवून दोन दिवस पाणी तुंबवा. शेवटचा हप्ता त्यानंतर. अनुदान आपल्याच खात्यात जमा होतं, ते 'मिळवून देतो' म्हणून कुणी ओटीपी मागितला तर दाराबाहेर काढा.

योजनेत ५ वर्षं देखभाल विक्रेत्यावरच असते. पोर्टलवर आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे. ग्राहक आयोगात जायचं तर २ वर्षांची मुदत असते, म्हणून बिल, फोटो, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं सगळं जपून ठेवलंय. परवा त्याचा फोन आला, "काका, सिलिकॉन मारून देतो, तक्रार मागं घ्या." म्हटलं, आधी सगळे पाय उखड, मग बोलू.