ओ-रिंग बदलायच्या की अख्खा कार्ब्युरेटर?

आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाडीचं ग्लो इंजिन, म्हणजे मिथेनॉल-नायट्रोवर चालणारं छोटं इंजिन, थ्रॉटल सोडल्यावरही चढं राहतं, नीडल (इंधनाचं प्रमाण ठरवणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू) कितीही फिरवा, ट्यूनिंग टिकत नाही. बहुतेक वेळा कुठूनतरी जादा हवा शिरत असते. मिथेनॉल-नायट्रोचं इंधन आणि उष्णता यांनी नीडलवरच्या ओ-रिंग (हवा अडवणाऱ्या रबरी रिंग) कडक आणि चपट्या होतात. त्या बदलणं स्वस्त, काम घरच्या टेबलावर होतं. उघडण्याआधी प्रत्येक नीडल किती फेऱ्यांत आत बसते ते मोजून लिहून ठेवा, म्हणजे जुनं सेटिंग हाती राहतं. कार्ब्युरेटरच्या मानेखालची रिंगही बदला. लोक नेमकी तीच विसरतात.

नवा कार्ब्युरेटर महाग. शिवाय मानेचा व्यास जुळायला हवा आणि ट्यूनिंग पहिल्यापासून, तेही रिच (इंधन जास्त) बाजूने सुरू करून. पण स्लाइड (थ्रॉटलबरोबर हवेची वाट उघडणारा सरकता भाग) बोटाने हलवल्यावर खुळखुळत असेल, किंवा नीडलच्या टोकावर नखाला अडेल अशी खाच असेल, तर नुसत्या रिंग म्हणजे वरवरची मलमपट्टी. धूळ खाल्लेल्या ऑफ-रोड बगीत स्लाइडच आधी झिजते (एअर फिल्टरला तेल लावायचा कंटाळा, दुसरं काय!).

माझं मत: स्लाइड घट्ट असेल तर रिंगच बदला. खुळखुळत असेल तर नव्याचे पैसे मोजा. लीन (हवा जास्त, इंधन कमी) चाललेलं इंजिन तापून पिस्टन आणि त्याभोवतीची स्लीव्ह (नळी) खातं, तो खर्च कितीतरी मोठा.