मोरेन लेकची सरकारी बस: सकाळचीच फेरी घ्या

कॅनडाच्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातल्या मोरेन लेकच्या रस्त्यावर 2023 पासून पर्यटकांच्या स्वतःच्या गाड्यांना बंदी आहे. तरीही नकाशात थेट तलावाचं नाव टाकून निघणारे आणि फाट्यावरून परत फिरवले जाणारे पर्यटक कमी नाहीत. पार्क्स कॅनडा या राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेची बस सुटते लेक लुईस स्की रिसॉर्टच्या वाहनतळावरून, तेव्हा पत्ता तोच टाकावा. कॅलगरीहून गाडीने साधारण दोन तास लागतात.

2025 च्या हंगामात मोठ्यांचं तिकीट 8 कॅनेडियन डॉलर होतं, आरक्षण शुल्क वेगळं. 17 वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही, पण त्यांचीही जागा आरक्षित करावीच लागते. उद्यानाचा प्रवेश-पास यात येत नाही. याच तिकिटावर मोरेन ते लेक लुईस या जवळच्या तलावापर्यंतची जोडबसही मिळते. खासगी बसवाले याच्या कितीतरी पट पैसे घेतात, म्हणून आधी इथेच प्रयत्न करावा.

खरी कसोटी आरक्षणाची. काही जागा एप्रिलमध्ये खुल्या होतात, उरलेल्या प्रवासाच्या दोन दिवस आधी तिथल्या सकाळी 8 वाजता, म्हणजे उन्हाळ्यात भारतातल्या संध्याकाळी 7:30 ला. पार्क्स कॅनडाच्या आरक्षण संकेतस्थळावर खातं आधीच उघडून, लॉगिन करून बसा; चांगल्या वेळा बघता बघता संपतात. निवडलेली वेळ वाहनतळावरून निघायची असते, तलावावर पोचायची नव्हे.

आमचं स्पष्ट मत: मोरेनची सकाळची फेरी घ्या आणि लुईसला नंतर जोडबसने जा. मोरेनभोवतीच्या दहा शिखरांवर ऊन सकाळी पडतं. दुपारनंतर सूर्य त्यांच्या मागे जातो आणि फोटोत कडे काळपट येतात. पाण्याचा निळा रंग मात्र ऊन वर आल्यावरच खुलतो. हिमनदीने दळलेल्या खडकाची पिठासारखी बारीक भुकटी पाण्यात तरंगत राहते, तिच्यावरून विखुरलेला प्रकाश तो रंग देतो. जूनच्या सुरुवातीला गेलात तर बर्फ आणि उघडा पडलेला काठ दिसण्याचीच शक्यता जास्त. महिनाअखेरीस तलाव भरू लागतो.

काठावर थांबू नका, रॉकपाइल या तलावाकाठच्या दगडांच्या ढिगावर चढा. मागच्या बाजूने दगडी पायऱ्यांची सोपी वाट आहे. हा प्रचंड ढीग शेजारच्या टॉवर ऑफ बाबेल कड्यावरून कोसळलेल्या दरडीचा मानला जातो. वाटेतल्या क्वार्टझाइट या कठीण खडकाच्या शिळा जवळून पाहा: काहींवर प्राचीन समुद्राच्या वाळूतल्या लाटांचे वळ अजून स्पष्ट आहेत. कॅनडाच्या जुन्या 20 डॉलरच्या नोटेवरचं दृश्य इथलंच. इथे खारी थेट पायाशी येतात. त्यांना खाऊ घालणं हा गुन्हा आहे.

उणीव एकच, पण मोठी: परतीला आरक्षण नाही, रांगेत जो आधी त्याला जागा. दुपारी रांग लांबते, त्यामुळे शेवटच्या बसवर विसंबू नये. तलावावर मोबाइलला रेंज नसते. आरक्षणाचा स्क्रीनशॉट आधीच काढा, वाहनतळावर मिळालेला बोर्डिंग पास जपा आणि लहान मुलं असतील तर जुलैतही जाकीट सोबत ठेवा. सप्टेंबरअखेरीस लार्चची सूचिपर्णी झाडं सोनेरी होतात, तेव्हा बसमधल्या जागांसाठी सर्वाधिक झुंबड उडते.