आधी माप, मग नाव: ठसे वाचायला शिकवणाऱ्या जंगलफेरीबद्दल

जंगलात फिरायला नेणारे बहुतेक जण प्राणी दिसण्याची आशा लावतात. मी जिच्याबद्दल लिहिते आहे त्या फेरीत तसलं काही कुणी सांगत नाही. पायी चालायचं, गोल वाटेने जिथून निघालो तिथेच परत यायचं आणि वाटेत मातीवर जे उमटलं असेल ते वाचायचं, एवढाच कार्यक्रम. वाट साधारण चार किलोमीटरची आहे. चढ जवळजवळ नाहीच, एक ओढा दोनदा ओलांडावा लागतो. नुसतं चालणारा माणूस ती दीड तासात उरकेल. आम्हाला चार तास पुरले नाहीत आणि शेवटचा टप्पा पाय उचलून गाठावा लागला.

या सेवेचं खरं बळ म्हणजे आमचे वाटाडे. पन्नाशीचे, बेताचंच बोलणारे. हातात छातीएवढी काठी आणि तिच्यावर सरकणारी दोन रबरी कडी. वाट सुरू होते तिथेच फुफाट्यात एक पाऊल होतं. साहजिकच कुणीतरी विचारलं, "दादा, हे कुणाचं?" ते म्हणाले, "ते शेवटी. आधी बोटं मोजा." आणि पूर्ण फेरीत त्यांनी हा नेम मोडला नाही. बोटं किती, नखं उमटली आहेत का, लांबी जास्त की रुंदी, पुढचा पाय की मागचा, हे सगळं आम्ही सांगायचं. तोवर प्राण्याचं नाव घ्यायचं नाही. एकदा नाव कानावर पडलं की डोळे बघायचं सोडून देतात, हे मी वर्गात रोज पाहते. मी शाळेत चित्रकला शिकवते. मुलांना "झाड काढा" म्हटलं की समोरच्या झाडाकडे न बघता मनातलं झाड काढतात. या माणसाने मोठ्यांचीही ती सवय एका सकाळीत बरीचशी मोडून काढली.

ते पहिलं पाऊल कुत्र्याचं निघालं. निराश होण्यासारखं त्यात काही नाही, उलट सुरुवात तिथूनच व्हायला हवी. कुत्र्याचं पाऊल डोळ्यांत पक्कं बसलं नाही तर पुढे कोल्हा, लांडगा, बिबट्या काहीच नीट वेगळं काढता येत नाही. चार बोटं, पुढे नखांचे टोकदार ठिपके, मागे त्रिकोणी गादी (तळव्याचा मऊ, फुगीर भाग) आणि पूर्ण ठसा दोन्ही बाजूंनी सारखा. वाटाड्यांनी गवताच्या दोन काड्या अलगद ठेवून दाखवलं की बोटांच्या आणि गादीच्या मधून फुली जाते, कुठेच अडत नाही. आम्ही चित्रकलेत वस्तूइतकंच लक्ष तिच्या भोवतीच्या रिकाम्या जागेवर ठेवायला शिकवतो. इथे तीच रिकामी जागा ओळख पटवून देते हे बघून मला फार आनंद झाला. मांजरकुळात ही फुली नीट बसत नाही, कारण गादी मोठी असते आणि ती बोटांच्या मध्ये घुसते.

तो फरक ओढ्याकाठी प्रत्यक्ष बघायला मिळाला आणि तिथे आम्ही सगळ्यांत जास्त वेळ थांबलो. आदल्या संध्याकाळी पावसाची हलकी सर येऊन गेली होती. ओल धरलेल्या बारीक मातीवर बिबट्याची पावलं एका ओळीत गेलेली. नखं कुठेच नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. गादीच्या मागच्या कडेला तीन गोलसर उंचवटे स्पष्ट दिसत होते. चारही बोटं एका रेषेत नव्हती, एक बोट जरा पुढे सरकलेलं, आपल्या मधल्या बोटासारखं. त्यावरून डावा पाय की उजवा हे सांगता येतं. फूटपट्टी लावली तर लांबी 8 सेंटिमीटरच्या आसपास भरली. वाटाड्यांनी बजावलं की हे माप एकट्याने काही सिद्ध करत नाही. वाघाच्या बछड्याचं पाऊल एवढंच असू शकतं आणि चिखल मऊ असला तर तोच पाय जास्त पसरतो. म्हणून एका ठशावर थांबायचं नाही, सलग आठ-दहा ठसे बघायचे आणि त्यांतला सर्वांत नेटका उमटलेला मोजायचा.

मग काठीवरची कडी कामाला आली. एका पावलाच्या टाचेपासून त्याच बाजूच्या पुढच्या पावलाच्या टाचेपर्यंत काठी धरली, दोन्ही टोकांना कडी सरकवून ते अंतर पकडलं. पुढे माती कडक होऊन माग पुसट झाला तेव्हा काठीचं एक टोक शेवटच्या ठशावर ठेवून दुसरं टोक कमानीसारखं फिरवलं. पुढचं पाऊल त्या कमानीतच कुठेतरी असणार. आणि होतं. अर्धवट दबलेलं एक पान आणि त्याच्या कडेला गादीची जेमतेम रेघ. माझ्या शेजारच्या शाळकरी मुलीला ते आमच्या सगळ्यांच्या आधी दिसलं.

बिबट्याच्या त्या पावलांशेजारून सांबराचे खूर गेले होते. आमच्यातल्या एकाने लगेच पाठलागाची गोष्ट रचली. वाटाड्यांनी त्यांना खोडून काढलं नाही, गुडघ्यावर बसून नीट बघायला सांगितलं. सांबराच्या खुरांच्या ठशात पावसाच्या थेंबांचे बारीक खळगे होते. म्हणजे खूर आधी उमटले, सर नंतर आली. बिबट्याच्या ठशाचा तळ मात्र गुळगुळीत होता, थेंबांचे खळगे त्याच्या गादीखाली दबून गेले होते. म्हणजे तो सर थांबल्यावर आला. शिवाय सांबर पळत असतं तर खुराच्या दोन फाका फाकल्या असत्या, मागची दोन छोटी खुरंही रुतली असती आणि माती मागे उडाली असती. इथे फाका मिटलेल्या, मागचा पाय पुढच्याच्या ठशावर निवांत पडलेला. दोन जनावरं एकाच वाटेने गेली, पण वेगवेगळ्या वेळी. एवढंच सांगता येतं, आणि वाटाडे तेवढंच बोलले. मला या फेरीतली ही दहा मिनिटं सर्वांत मोलाची वाटतात.

बाकी वाटेवर बरंच काही मिळालं. रानडुकराच्या खुरामागे दोन छोटी खुरं बाहेरच्या बाजूला फाकलेली उमटतात, साध्या चालीतसुद्धा. हरणाच्या आणि डुकराच्या ठशांत गल्लत होत असेल तर आधी तेच बघावं. साळिंदराच्या पावलांबरोबर काट्यांच्या बारीक रेघा होत्या, झाडू ओढत नेल्यासारख्या. घोरपडीच्या शेपटीची नागमोडी खाच आणि तिच्या दोन्ही बाजूंना नखांचे ओरखडे. ससा कुठल्या दिशेने गेला असं विचारल्यावर बहुतेकांनी उलटी दिशा दाखवली, कारण पळताना त्याचे लांब मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात. अस्वलाचं पाऊल मिळालं नाही, पण फोडलेलं वारूळ आणि झाडाच्या खोडावर नखांचे जुने ओरखडे मिळाले. तिथे वाटाड्यांनी सगळ्यांना जवळ घेतलं, मोठ्याने बोलायला सांगितलं आणि झाडी दाट असलेला तो पट्टा थांबू न देता पार करवला. अचानक समोरासमोर येणं अस्वलाच्या बाबतीत फार धोक्याचं असतं. त्यांनी उगाच घाबरवलं नाही आणि हलगर्जीही केली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

एका विसाव्याला पगमार्कवरून, म्हणजे पावलाच्या ठशावरून, वाघ मोजण्याचा विषय निघाला. भारतात 1966 मध्ये वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी ही पद्धत बसवली आणि 1972 ची देशभराची व्याघ्रगणना तिच्यावरच झाली. ठशाची काचेवर रेघ उमटवून घ्यायची आणि त्या आकारावरून एकेक वाघ वेगळा ओळखायचा, अशी कल्पना. पुढे 2004-05 मध्ये राजस्थानच्या सरिस्का व्याघ्रप्रकल्पातले वाघ संपल्याचं उघड झालं तेव्हा या मोजणीवरचा विश्वास उडाला आणि 2006 च्या गणनेपासून कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो घेणारा कॅमेरा) व संख्याशास्त्रीय अंदाज यांचा आधार घेतला गेला. वाटाड्यांचं म्हणणं सरळ होतं: पाऊल कुठल्या जातीचं, कुठून कुठे गेलं, साधारण कधी गेलं, हे माती सांगते, हा अमुकच वाघ, असं छातीठोकपणे सांगायला गेलो की आपण मातीच्या तोंडी आपले शब्द घालतो. ज्याला आपल्या विद्येची हद्द माहीत आहे त्याच्याकडून शिकायला मला आवडतं.

आता जे खटकलं ते. पहिली गोष्ट म्हणजे निघताना हातात दिलं जाणारं ठशांचं कार्ड. प्लास्टिकचं आवरण आहे, घामाने खराब होत नाही, दोरीही बांधलेली आहे, पण चित्रं निकृष्ट आहेत. सगळे ठसे एकाच आकाराचे काढलेत. मुंगूस आणि बिबट्या कार्डावर सारखेच दिसतात, मापाची पट्टीच नाही. बिबट्याचं पाऊल दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखं काढलंय, म्हणजे प्रत्यक्षात शिकवलेली खूण कार्डावर पुसून टाकली. सशाचं एकच पाऊल दिलंय, वास्तविक त्याची ओळख चार पावलांच्या मांडणीत असते. खऱ्या मापाची चित्रं, पुढचा-मागचा पाय वेगळा आणि कडेला सेंटिमीटरच्या खुणा एवढं केलं तरी कार्ड कितीतरी उपयोगी होईल. तोवर त्यावर विसंबू नका. वही घेऊन जा आणि प्रत्येक ठसा खऱ्या मापात स्वतः काढा. चित्र चांगलं येण्याची गरज नाही. काढताना जे दिसतं ते नुसता फोटो घेताना निसटतं. फोटो घ्यायचाच तर ठशाच्या अगदी वर कॅमेरा आडवा धरा आणि शेजारी फूटपट्टी ठेवा. तिरका घेतला की माप फसवं येतं.

दुसरी तक्रार गटाच्या आकाराची. आमच्यात पंधरा माणसं होती. ठशाभोवती सहा-सात जण बसू शकतात, बाकीचे त्यांच्या पाठी बघत उभे राहतात आणि नकळत पुढचे ठसे तुडवतात. ओढ्याकाठच्या त्या ओळीतली दोन पावलं आमच्याच बुटांखाली गेली. जिथे बघायची वस्तूच जमिनीवर आहे तिथे आठांपेक्षा जास्त लोक घेऊच नयेत, असं माझं ठाम मत आहे.

तिसरी गोष्ट प्लास्टरच्या साच्याची. शेवटच्या टप्प्यात एका खुराभोवती पुठ्ठ्याचं कडं बसवून प्लास्टर ऑफ पॅरिस ओततात. दोन भाग पावडर, एक भाग पाणी, बरोबर कालवलेलं होतं. पण दहा मिनिटांत ते उचललं आणि दुभंगलं. घट्ट व्हायला निदान अर्धा तास हवा, ओल्या मातीत त्याहून जास्त. माती धुण्याचं काम तर दुसऱ्या दिवसावर ठेवावं. वाट गोल आहे याचा इथे किती सोयीचा उपयोग होतो! सुरुवातीलाच ठसा निवडून प्लास्टर ओतावं, फेरी पूर्ण करून परत तिथेच आलं की तयार साचा उचलावा. आयोजकांना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

वेळेबद्दलही सांगते. सकाळी दोन फेऱ्या निघतात. पहिली, उजाडताना निघणारी, तीच घ्या. सूर्य खाली असताना ठशाच्या कडेची सावली लांब पडते आणि उथळ पाऊलही उठून दिसतं. ठसा आपल्या आणि सूर्याच्या मध्ये राहील असं उभं राहायचं, हे वाटाडे वारंवार सांगतात. ऊन डोक्यावर आलं की तेच पाऊल सपाट होऊन हरवतं. परतीच्या वाटेवर आम्हाला ते चांगलंच जाणवलं. नंतरच्या फेरीतल्या लोकांना याच मातीवर निम्म्याहून कमी दिसत असणार.

आठ-नऊ वर्षांच्या वरची मुलं आनंदाने करतील, त्यांची नजर जमिनीजवळ असते आणि ती लवकर कंटाळत नाहीत. गुडघे दुखत असतील त्यांनी मात्र विचार करावा, कारण चालण्यापेक्षा उठबस जास्त आहे. बसायला घडीचं छोटं स्टूल नेलंत तर ते हवं तिथे टेकवण्याआधी खालची माती बघून घ्या.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण कार्डाचा आणि गर्दीचा गेला. नाव नोंदवताना दोन प्रश्न विचाराच: गटात किती जण आहेत आणि बरोबर काठीवाले दादा येणार आहेत का. गट मोठा असेल तर दुसरा दिवस मागा. दादा नसतील तरी दुसराच दिवस मागा. सामानात 15 सेंटिमीटरची फूटपट्टी, मऊ शिसाची पेन्सिल, कोऱ्या पानांची वही आणि ओल्यात बुडाले तरी चालतील असे बूट असू द्या.